धुतलेल्या तांदळाची मूठ

सासूबाईंना माती दिली बुधवारी, आणि स्मरणाची उपासना ठेवली रविवारी. शनिवारी पाळक घरी आले आणि मला म्हणाले, "तुम्ही शाळेत शिकवता, आईंच्या आयुष्यावर पानभर लिहून द्या. मी वाचून दाखवतो." मी लिहून दिलं. प्रार्थनाशील, कष्टाळू, प्रेमळ, आल्यागेल्याला जेवू घालणाऱ्या, एकही रविवार न चुकवणाऱ्या. सगळं खरं होतं. पाळकांनी ते चांगलं खणखणीत वाचलं. राजुऱ्याहून आलेली माझी नणंद हुंदके देऊन रडली, मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांनी पदर डोळ्यांना लावला. मी मांडीवर पत्र्याचा डबा घेऊन बसले होते आणि मनात म्हणत होते, अगं बाई, तू लिहिलंस काय आणि ठेवलंस काय! जी गोष्ट लिहायची ती तर घरीच राहिली.

ती आता लिहिते. चर्चमध्ये वाचण्याजोगी ती नव्हतीच. तिच्यात भांडण आहे, रुसवा आहे आणि सडलेले तांदूळ आहेत.

माझं माहेर बल्लारपूर. वडील पेपरमिलमध्ये कामाला, घर बौद्धाचं. लग्न मी माझ्या मनानं केलं, ख्रिस्ती घरात, चामोर्शीच्या पुढच्या एका खेड्यात. वडिलांनी पंधरा दिवस माझ्याशी बोलणं टाकलं, मग स्वतःच एसटीनं मला पोचवायला आले. अंगणात पाय ठेवताना सवयीनं "जय भीम" म्हणाले आणि मग गडबडले, की इथं काय म्हणायचं असतं? सासूबाई दारात उभ्या होत्या, हाताला राख लागलेली. त्यांनी तसेच राखेचे हात जोडले आणि म्हणाल्या, "जय भीम, भाऊ. या. पोरीची फिकीर नोका करू." वडील परत जाताना मला म्हणाले, "बाई सरळ आहे." एवढं प्रमाणपत्र माझ्या वडिलांनी आयुष्यात कोणाला दिलं नव्हतं.

सरळ होत्याच. आणि कामाच्या तर अशा की बघणाऱ्याला दम लागावा. सासरे तरुणपणीच गेलेले, पदरात दोन लेकरं. चर्चच्या आवारात मुलींचं वसतिगृह होतं, तिथं त्या स्वयंपाक करायच्या. पहाटे उठून पन्नास-साठ पोरींचं भात-वरण उतरवायचं, तिथून परस्पर शेतावर. दीड एकर धान होतं. बांधीतला चिखल पायावर वाळायच्या आत पुन्हा वसतिगृहात, संध्याकाळच्या भाजीला. रविवारी चर्चसमोरच्या चिंचेला टांगलेला रुळाचा तुकडा ठोकायचं कामही त्यांचंच. घंटा घ्यायला मंडळीकडं पैसा नव्हता, म्हणून रूळ. त्या असा ठोकायच्या की पलीकडच्या मोहल्ल्यातले ढिवर, ज्यांचा आमच्या चर्चशी काडीचा संबंध नव्हता, तेही जाळं घेऊन निघायची वेळ त्यावरून ठरवायचे. "आई, जरा बसा ना हो," मी म्हणायची. "बसली का गुडघे धरतेत बाप्पा," त्या म्हणायच्या आणि उभ्या उभ्याच चहा प्यायच्या.

आता मुठीचं सांगते, कारण सगळं तिथंच अडकलेलं आहे.

आमच्या चर्चमधल्या बायांची एक जुनी रीत आहे. भात लावायच्या आधी गंजात, म्हणजे पातेल्यात, घेतलेल्या तांदळातून एक मूठ काढायची आणि वेगळ्या डब्यात टाकायची. रोज, दोन्ही वेळ. रविवारी तो डबा चर्चला न्यायचा आणि दारातल्या टोपल्यात ओतायचा. मग ते तांदूळ कधी वसतिगृहाला जातात, कधी ज्याच्या घरी चूल पेटली नाही त्याच्याकडं. ज्यांच्याकडं द्यायला दुसरं काही नव्हतं अशा बायांनी कधीकाळी हे सुरू केलं असणार. आता सात-आठच घरं हे करतात, बाकीच्यांची पैशांची पाकिटं असतात. सासूबाईंचा डबा म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा जुना डबा, वरचं चित्र घासून घासून पुसलेलं. घरात किती का ओढाताण असो, मूठ चुकली नाही. मूठ काढल्याशिवाय शिजलेला भात त्या खायच्याच नाहीत.

लग्नाला दीड-दोन महिने झाले असतील. रोवण्याचे दिवस होते, म्हणजे धानाचे पऱ्हे उपटून बांधीत लावायचे दिवस. रोवणा आला की आमच्याकडं घरात माणूस दिसत नाही. सासूबाई सकाळी जायच्या ते दिवेलागणीला यायच्या आणि स्वयंपाक माझ्या अंगावर पडला. त्यांनी जाताना सांगितलं होतं, "मूठ काढजो वं पोरी, भुलजो नोको." मला काय आनंद! नव्या घरानं आपल्याला देवाचं काम दिलं. माझ्या माहेरी विहारात भंतेजी यायचे तेव्हा माय भांडी दोनदा घासायची, भाजी तीन पाण्यानं धुवायची. द्यायचं ते स्वच्छ द्यायचं, हे माझ्या हाडात. मग देवाच्या मुठीतले तांदूळ मी न धुता कशी टाकणार? मी आधी तांदूळ चांगले चोळून धुवायची आणि मग त्यातली मूठ डब्यात टाकायची. दोन्ही वेळ. सहा दिवस. वरून झाकण घट्ट लावायची, मुंग्या लागू नयेत म्हणून!

हसा, हसा. मीही आता हसते.

बल्लारपूरची मुलगी, ओल्या हवेतले ओले तांदूळ बंद डब्यात कसे होतात हे तिला कोण सांगणार? रविवारी सासूबाई डबा घेऊन गेल्या. मी तेव्हा चर्चला जात नसे, घरी कपडे धूत होते. त्या परत आल्या त्या नेहमीपेक्षा लवकर. डबा विहिरीच्या कठड्यावर ठेवला. आंबूस वास मला चार हातांवरून आला. आत हिरवट बुरशी धरलेली, तांदळाचा गोळा तळाला चिकटलेला. टोपल्यात आधी पडलेल्या सगळ्यांच्या तांदळावर त्यांनी तो गोळा ओतला होता, सगळ्या मंडळीसमोर. मी काही बोलायच्या आत त्या डबा घासायला बसल्या आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "आजपासून मुठीले तुह्या हात नोको लावू."

बस. आवाज चढवला नाही, शिवी नाही. एवढंच वाक्य.

दुसऱ्या एखाद्या मुलीनं ते ऐकून घेतलं असतं आणि चार दिवसांत विसरली असती. पण मी ज्या घरची, त्या घरात "हात लावू नको" हे साधं वाक्य नाही. माझ्या आजोबांना लोक वरून पाणी ओतायचे, ओंजळीत, हात भांड्याला लागू नये म्हणून. ते म्हातारपणी सांगायचे आणि सांगताना अजून ओंजळ करायचे. मी त्या ओंजळीकडं बघत मोठी झाले. सासूबाईंच्या घराचे वाडवडील काही आकाशातून पडलेले नव्हते. तेही त्याच वस्तीतले, तेच सोसलेले. आमच्यातल्या काहींनी एक वाट धरली, त्यांनी दुसरी. म्हणून तर ते वाक्य जास्त लागलं. परक्यानं म्हटलं असतं तर मी तोंडावर चार शब्द सुनावले असते.

तांदूळ सडवले ही चूक माझीच, कबूल. पण चुकीची शिक्षा चुकीएवढी असते ना! एकदा समजावलं असतं, "धुवायचे नाई वं, कोरडे टाकायचे," तर मी काय पुन्हा तेच केलं असतं? महिना गेला, वर्ष गेलं, त्यांनी मूठ काही माझ्या हाती दिली नाही. मग मी मनाशी ठरवून टाकलं, की तांदूळ हे निमित्त आहे. कारण माझा हात आहे. बौद्धाच्या घरचा, बाप्तिस्मा न घेतलेला हात.

मायला सांगितलं तर ती म्हणाली, "विचार ना मग तिले सरळ." मी म्हटलं, "मी कशाला विचारू? तिनं सांगावं." मीही काही कमी नाही. तोंड एरवी चोवीस तास चालतं, पण जिथं बोलायला पाहिजे तिथं दातखीळ बसते.

आणि त्या तर काय एकेक करायच्या! नणंदेच्या बाळंतपणाला महिनाभर राजुऱ्याला गेल्या, तर जायच्या आधी बसून साठ मुठी मोजून डब्यात टाकून गेल्या. आगाऊ! देवाला आगाऊ हप्ता, पण माझा हात लागायला नको. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेल्या तर मुलाला सांगून गेल्या. हे सकाळी दाढीचा साबण लावलेल्या तोंडानं स्वयंपाकघरात येऊन मूठ काढायचे आणि मी शेजारी पळी घेऊन उभी. पुढं माझी मुलगी सहा-सात वर्षांची झाली तशी तिला शिकवलं. तिच्या चिमुकल्या मुठीत किती मावणार? तरी ती चालायची. माझ्या पोटच्या पोरीचा हात चालतो आणि मी परकी! त्या दिवशी मी भाजी एवढी खारट केली की कोणाला खाववेना. मुद्दाम केली, आता सांगायला काय हरकत आहे.

पण नुसता असाच छळ असता तर गोष्ट सोपी होती. मी सरळ वाईट सासू म्हणून मोकळी झाले असते. तसं होऊच दिलं नाही त्यांनी. माझं डी.एड. लग्नानंतर झालं, ते त्यांच्यामुळं. पोरगी अंगावरची होती, तिला पाठीला बांधून त्या वसतिगृहातला स्वयंपाक करायच्या, मी गडचिरोलीला कॉलेजात. शाळेत लागले तेव्हा पहिली एसटी सहाची होती. त्या आधी उठून त्या माझा डबा भरायच्या, वांग्यात झिंगे घातलेली भाजी, कारण मला आवडते. मला टायफॉइड झाला तेव्हा वीस दिवस पेज भरवली, तोंड पुसलं, केस विंचरले. पौर्णिमेला मी विहारात जायची तर माझी पांढरी साडी आदल्या दिवशी त्या धुऊन ठेवायच्या. बाप्तिस्म्याचं एका शब्दानं कधी विचारलं नाही. मंडळीतल्या कोणी विचारलं तर म्हणायच्या, "तिचं ते पाह्यल, तुमी आपलं पाहा." मी रात्री ह्यांना म्हणायची, "तुमची आई मला समजतच नाही." हे म्हणायचे, "मले तरी कुठी समजते?" आणि कूस बदलायचे.

अशी बावीस वर्षं गेली. डबा फळीवर, मी खाली.

अडीच वर्षांपूर्वी, धान चुरायचे, म्हणजे मळणीचे, दिवस होते. अंगणात सुपानं धान पाखडता पाखडता सासूबाई बसल्या. त्या बसल्या म्हणूनच मी घाबरले, त्या कधी बसायच्या नाहीत. मग एका अंगावर कलंडल्या. लकवा. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. दहा दिवस चंद्रपूरच्या दवाखान्यात नाकात नळी. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "गिळता येतं आहे, आता तोंडानं द्या. पण दोन-तीन दिवसांत पोटात अन्न गेलं नाही, तर परत आणा, पुन्हा नळी घालावी लागेल. या वयात मग पुढचं सांगता येत नाही."

खाट स्वयंपाकघरासमोर टाकली, म्हणजे मला काम करताना त्यांच्याकडं लक्ष ठेवता यावं. मऊ पेज केली, ओठाशी नेली. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि डाव्या हाताची मूठ आवळून माझ्या तोंडासमोर धरली.

मी वाटी घेऊन तशीच बसले. पुन्हा चमचा नेला, पुन्हा मूठ. आईसाठी येऊन राहिलेल्या नणंदेनं पाणी दिलं, प्यायल्या. तिनं चहा दिला, दोन घोट घेतले. पेज म्हटलं की तोंड बंद, आणि मी दिसले की मूठ.

मग काय, घरात मुठीचे अर्थ निघायला लागले. व्यायाम शिकवायला येणारा पोरगा खूश झाला, हात बळकट आहे म्हणाला आणि दाबायला एक रबरी चेंडू दिला. त्यांनी तो असा भिरकावला की कोंबडी ओरडत पळाली. पाळक आले, प्रार्थना केली आणि म्हणाले, आई विश्वासाला घट्ट धरून आहेत. ह्यांना वाटलं पोटात कळ येते. आणि नणंद मला परसात घेऊन गेली, हळूच म्हणाली, "वैनी, खरं सांग. पडायच्या आंदी तुमचं काई झालं होतं का? आई तुह्यावरच मूठ उगारून राह्यली."

मी म्हटलं, "काही नाही झालं." पण आतून मी हादरले. झालं नव्हतं कसं? बावीस वर्षं होऊनच राहिलं होतं. मला वाटलं, बाईनं आयुष्यभर दाबून ठेवलेलं आता निघतं आहे. वाचा गेली म्हणून सभ्यपणाही गेला. माझ्या हातचं आता अन्नसुद्धा नको. तिसरा दिवस उजाडला, दुपारी गाडी सांगितली होती, पुन्हा चंद्रपूर, पुन्हा नळी. मला मरणाची भीती वाटत होती, त्यांच्या मरणाची, आणि त्याहून जास्त भीती ही, की त्या माझ्यावर मूठ उगारूनच जातील आणि मी जन्मभर तो हात बघत राहीन. आजोबांची ओंजळ एका डोळ्यासमोर, ही मूठ दुसऱ्या.

त्या सकाळी मी गंजात तांदूळ घेतले आणि पाणी ओतायला तांब्या उचलला. खाटेवर धाडकन आवाज झाला. वळून पाहिलं तर त्या मुठीनं लोखंडी खाटेच्या पट्टीवर ठोकत होत्या, रूळ ठोकायच्या तशा. मी तांब्या खाली ठेवला, ठोकणं थांबलं. तांब्या उचलला, धाड. आणि त्यांची नजर फळीवर, डब्यावर.

हात्तिच्या! मूठ! पडल्या त्या दिवसापासून दवाखाना, धावपळ, कोणाला आठवण होती मुठीची? मूठ न काढलेला भात त्या खात नाहीत, हे मला बावीस वर्षं माहीत आणि तीन दिवस मी नुसती वाटी घेऊन बसले. मी ओरडलेच, "पोरी, धावत ये गं!" माझी मुलगी बारावीला होती, पुस्तक टाकून आली. तिनं मूठ काढली आणि डब्यात टाकली. मी सुटकेचा श्वास सोडला आणि तांब्या उचलला.

धाड.

ह्यांना बोलावलं. ह्यांनी मूठ काढली. धाड, धाड. आता डोळ्यांतून पाणीही यायला लागलं होतं त्यांच्या, रागानं की कशानं कळेना. नणंद म्हणाली, "तिले सोताच्या हातानं काढायची असन." बरोबर वाटलं. मी तांदूळ पाखडायच्या सुपात घेतले आणि सूप खाटेवर त्यांच्या डाव्या हाताशी धरलं. त्यांनी मूठ भरली. मी डबा पुढं केला. त्यांनी डबा कोपरानं बाजूला सारला, माझा हात ओढून घेतला आणि आपल्या मुठीतले तांदूळ माझ्या तळव्यावर सोडले. मग एकेक करून माझी बोटं मिटवली. एका हातानं, वेळ लागला, पण पाचही मिटवली. आणि डब्याकडं मान केली.

मला कळलं होतं आणि हात उचलवत नव्हता.

मी मूठ डब्यावर नेली, तेवढ्यात त्यांनी पुन्हा माझं मनगट धरलं. मी म्हटलं, झालं, आता नको म्हणतात की काय! त्यांनी माझ्या मिटल्या बोटांत आपला अंगठा घुसवला, आतले दाणे चोळून पाहिले, कोरडे आहेत का ते. नीट, दोनदा. आणि तोंडाची जी अर्धी बाजू चालत होती, तिनं हसल्या. घशातून खर्र असा आवाज निघाला, पण ते हसणंच होतं, अगदी चिडवणारं, टवाळ हसू.

मी तिथंच खाटेच्या कडेवर डोकं टेकवलं आणि मोठ्यानं रडले, हसतही होते. "कोरडे आहेत हो आई, कोरडे आहेत!" नणंद आणि हे माझ्याकडं बघत राहिले, यांना काय कळणार? मी तांदूळ डब्यात टाकले. मग पेज केली. वाटीभर प्यायल्या आणि वाटी तोंडाशी असतानाच डोळ्यांनी अजून मागितली. ह्यांनी गाडीवाल्याला फोन करून नको सांगितलं.

त्यानंतर अडीच वर्षं त्या होत्या. वाचा आली नाही. पण रोज दोन्ही वेळ मी मूठ काढायची, त्यांच्यापुढं धरायची, त्या अंगठ्यानं दाणे चोळून तपासायच्या आणि मग डब्यात. एकदा मी गंमत म्हणून बोटं ओली करून मूठ पुढं केली, तर अशी चापट मारली हातावर की मुलगी हसून लोळली. चहा त्यांना अखेर बसूनच घ्यावा लागला, त्याचा मात्र राग होता. गेल्या त्या दिवशी सकाळी श्वास वर लागला होता, तरी मी मूठ नेली. अंगठा आला, पण चोळायचं बळ नव्हतं, नुसता माझ्या मुठीवर राहिला. मी म्हटलं, "कोरडे आहेत, आई." दुपारी शांत गेल्या. मला दुःख झालं, खूप झालं, पण त्या दुःखात बोच नव्हती. हलकं वाटत होतं आणि तसं वाटण्याची लाज वाटत नव्हती.

तर त्या रविवारी उपासना संपली. लोक ह्यांना भेटत होते. मी डबा घेऊन दाराशी गेले. इतके दिवस डबा कधी हे न्यायचे, कधी मुलगी. मी पहिल्यांदाच. टोपल्याजवळ सासूबाईंची जुनी सोबतीण बसलेली असते, वसतिगृहात दोघी एकाच चुलीवर राबल्या. मी तांदूळ ओतले. तिनं चिमूटभर उचलून बोटांत चोळले आणि म्हणाली, "कोरडे हायेत वं."

मी म्हटलं, "मावशी, तुम्हाला अजून आठवतं?"

"भुलन कशी? आमी सगळ्यायनं नाकाले पदर लावला होता. एक जण बोलली, बौद्धाची पोरगी आणली ना, तिले काय कळते देवाचं. तर तुह्या सासूनं असं झापलं तिले! म्हणे, माह्या सुनेनं देवाले धुवून देल्ले. तुमच्यातली कोणी कधी धुतले का?"

मी रिकामा डबा खाली ठेवला.

"अन् घरी जाऊन तुलेच बोलली ना काई तरी," मावशी पुढं म्हणाली. "दुसऱ्या दिवशी चुलीपाशी रडून राह्यली होती. लोकायचा राग पोरीवर काढला म्हणे, अन् तोंडातून हाताचंच निघालं, हात नोको लावू म्हणून. ते पोरीच्या जिवाले लागलं, तोंड पाह्यलं मी तिचं, म्हणे. मी म्हटलं, मंग जाऊन सांग ना तिले. तर म्हणे, कोणत्या तोंडानं सांगू? अन् आता मूठ घे म्हटलं तर तिले वाटन, भीक देऊन राह्यली. बावीस वर्सं माह्या मांगं लागली होती, कशी सांगू वं, कशी सांगू."

"मग तुम्ही तरी सांगायचं, मावशी!" मी जवळजवळ भांडलेच.

"तिनं शपथ घातली होती ना. मीच सांगीन म्हणे तिले."

मागून बाया आपापले डबे घेऊन आल्या होत्या, मला बाजूला सरकावं लागलं. मावशीनं टोपल्यातले तांदूळ हातानं सारखे केले, आमचे वेगळे राहिले नाहीत. मग माझ्याकडं वर बघून तिनं विचारलं, "सांगतलं का मंग तिनं?"

मी म्हटलं, "हो. सांगितलं."